जुनी एमजीबी उभी करायची? आधी पत्रा बघा, मग हिशोब मांडा

ब्रिटनमध्ये थोडं स्थिरावलं, घराला गॅरेज मिळालं आणि मुळात गाड्यांचं वेड असलं, की आपल्या मंडळींना एक कल्पना हमखास सुचते. एखादी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार स्वस्तात उचलायची, सुट्टीच्या दिवशी काम करून नवीकोरी करायची आणि पुढेमागे विकलीच तर चार पैसे कमवायचे. मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे, की एकदा सगळं नीट लिहून काढतो.

उत्तर सुरुवातीलाच सांगतो. सगळं काम मजुरी देऊन करून घेणार असाल, तर पैसे वसूल होत नाहीत. स्वतःच्या हाताने करणार असाल, तर कसेबसे होतात, आणि तेही गाडीचा पत्रा शाबूत असेल तरच. इंजिन, रंग, सीट, क्रोम हे सगळं त्यानंतर येतं.

उदाहरणासाठी एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी घेतली आहे. नवशिक्याने हात घालावा अशी दुसरी जुनी स्पोर्ट्स कार मला ठाऊक नाही. १९६२ पासून १९८० पर्यंत ती ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती आणि पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे आजही जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तर मूळ साच्यांवरून अख्खी नवी बॉडीशेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, बनवून देते. यंत्रणा साधी आहे. साधे पाने, एक चांगला जॅक आणि वर्कशॉप मॅन्युअल एवढ्यावर निम्म्याहून जास्त कामं होतात.

पहिली पायरी: गाडी हवी आहे की काम हवं आहे, ते ठरवा

हे दोन वेगळे छंद आहेत. उन्हाळ्यात टप खाली करून कॉट्सवोल्ड्सच्या रस्त्यांवर भटकायचं असेल, तर दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी घ्या. त्याने खर्च केलेला असतो, आणि विकताना तो सगळा खर्च त्याला परत मिळत नाही. तो फरक तुमच्या पदरात पडतो. ज्यांना चालवण्यात रस आहे आणि हात काळे करण्यात नाही, त्यांच्यासाठी हाच शहाणपणाचा व्यवहार आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

खोलण्या-जोडण्यातच आनंद असेल, तर पुढचं वाचा. त्याआधी घरच्यांशी बोला. खोललेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट जागा खाते. दारं, बॉनेट, सीट, डिकीचं झाकण, इंजिन, गिअरबॉक्स हे सगळं कुठेतरी ठेवावं लागतं. गॅरेजमध्ये फक्त गाडी मावत असेल, तर त्या गॅरेजमध्ये गाडी पूर्ण खोलता येणार नाही. "जागेचं बघू नंतर" म्हणून सुरू झालेली कामं अर्धवट राहतात, आणि अर्धवट खोललेली गाडी विकायला काढली की तिला भाव मिळत नाही. घेणाऱ्याला काय हरवलंय ते कळत नाही, म्हणून तो सगळंच हरवलंय असं धरून किंमत सांगतो.

दुसरी पायरी: कुठली एमजीबी?

एक उघड्या टपाची रोडस्टर आणि दुसरी १९६५ मध्ये आलेली, मागे काचेचं उघडणारं दार असलेली जीटी. जीटीच्या छताच्या रेषेत इटलीच्या पिनिनफारिनाचा हात आहे. माझ्या मते दोघींत दिसायला तीच देखणी. तरीही बाजारात रोडस्टर महाग आणि जीटी स्वस्त. ब्रिटनच्या हवामानात वर्षभर वापरायची असेल आणि मागे लहान मुलाला किंवा सामानाला जागा हवी असेल, तर जीटीचा विचार नक्की करा.

दुसरा भेद बंपरचा. १९७४ च्या उत्तरार्धापर्यंत क्रोमचे बंपर होते. त्यानंतर अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी मोठे काळे बंपर बसवले आणि गाडीची उंचीही सुमारे दीड इंचाने वाढवली. त्यामुळे ती वळणावर जरा जास्त झुकते. लोकांना क्रोमवाली आवडते म्हणून काळ्या बंपरची कमी किमतीत मिळते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: पत्राकाम, रंग आणि इंजिन यांचा खर्च दोघींना जवळपास सारखाच येतो, पण शेवटी हाती येणारी किंमत वेगळी असते. म्हणजे काळ्या बंपरची गाडी पूर्ण नव्याने उभी करणं हिशोबात अजूनच बसत नाही. ती चालू स्थितीत घ्यावी, वापरावी आणि लागेल तशी दुरुस्त करत जावी.

अगदी सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिनात क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीन बेअरिंग होती, १९६४ च्या अखेरीस पाच आली. १९६७ च्या शेवटी आलेल्या सुधारित आवृत्तीत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर न खरखरता बदलू देणारी सोय) मिळालं, डायनामो जाऊन अल्टरनेटर आला आणि विजेची जोडणी आजच्यासारखी झाली. त्याआधीच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. नवशिक्याने १९६८ नंतरची घ्यावी, असं मला वाटतं.

तिसरी पायरी: पत्रा तपासा

इथे घाई करू नका. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा कणा, आणि दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारे सिल हे त्यातले सगळ्यात महत्त्वाचे भाग. रोडस्टरला तर छताचा आधारही नसतो. सिल कुजले की गाडी मधोमध वाकायला लागते.

बाहेरून दिसतो तो सिलचा फक्त एक थर. त्याच्या आत उभा पत्रा असतो, त्याच्याही आत आणि खाली चौकोनी पोकळ पट्टी असते. इथले जुने कारागीर तिला कॅसल रेल म्हणतात. वरचा थर चकचकीत आणि आतलं सगळं कुजलेलं, अशा गाड्या भरपूर आहेत. कारण जुन्या गंजक्या सिलवर नवा पत्रा नुसता चढवून वेल्ड मारणं हा स्वस्तातला उपाय वर्षानुवर्षं चालत आला. काम नीट करायचं तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापून काढावा लागतो, कारण सिलची टोकं त्यांच्या आड जातात. म्हणून विकणारा "सिल नवे बसवलेत" म्हणाला, तर पहिला प्रश्न विचारा: मडगार्डचा खालचा भाग कापला होता का, आणि त्या कामाचे फोटो आहेत का? फोटो नसतील तर काम झालेलं नाही असंच धरून चाला.

आता एक तपासणी, जिच्यासाठी विकणाऱ्याची परवानगी आणि दहा मिनिटं लागतील. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना दार बंद करा आणि दार व मागचं मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपून बघा. वर आणि खाली सारखी हवी. वरच्या कोपऱ्यात फट मिटत आली असेल, तर गाडी मधे खचायला लागली आहे. मग सिलखालच्या जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला. कान उघडे ठेवा. पत्रा करकरला, जॅक आत घुसायला लागला किंवा वरून गंजाची भुकटी पडली, तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं. चाक जमिनीवरून उचललं गेलं की दार उघडून बघा. धडधाकट गाडीत ते आधीसारखंच सहज उघडतं, सहज लागतं आणि फट बदललेली दिसत नाही. दार अडकलं किंवा कुलपाची जीभ खाचेत बसेना, तर बॉडीत ताकद उरलेली नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

मग बाकीच्या जागा. खिशात छोटं चुंबक ठेवा आणि रंगाला चरा पडू नये म्हणून पातळ फडक्यात गुंडाळा. चाकांच्या कमानी, दारांचे खालचे काठ, मडगार्डचे खालचे कोपरे इथे फिरवा. चुंबक सुटलं की खाली पुट्टी आहे. (सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असे, त्यामुळे तिथे चुंबक चिकटलं नाही तर घाबरू नका.) सीटच्या मागचं झाकण उचलून बॅटरीच्या पेट्या बघा. १९७४ पर्यंत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसत. आम्ल सांडून आणि खालून पाणी उडून त्या पेट्या कुजतात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे बॉडीला जोडलेली असतात, तिथे टॉर्च मारून बघा. गालिचा उचलून पायाखालचा पत्रा बघा.

पुढच्या चाकाच्या आत, मडगार्डच्या मागच्या भागात, एक पडदा असतो आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी. ते रबर सुकून तुटलं की चाकाने उडवलेला चिखल पडद्यामागे जाऊन साचतो, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मिसळतं आणि ते ओलं सारण दाराचा खांब आणि सिलचं पुढचं टोक आतून खात राहतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आत जाळी झालेली असते. एमजीबीच्या बहुतेक गंजाची सुरुवात इथूनच होते. म्हणून घेतलेली गाडी कितीही चांगली असो, पहिल्याच आठवड्यात हा पडदा काढून मागचा चिखल साफ करा आणि रबर नवं लावा.

चौथी पायरी: यंत्रणेला तुलनेने कमी भाव द्या

नवशिका गाडी बघायला गेला की आधी बॉनेट उघडतो. चुकीचं नाही, पण १७९८ सीसीचं ते ओतीव लोखंडी इंजिन दणकट आहे आणि बिघडलं तरी त्याचा खर्च आधी सांगता येतो. पत्र्याचा सांगता येत नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तेलाचा दाब बघा. सरळ रस्त्यावर ताशी ५० मैलांच्या वेगाला ५० ते ६० पीएसआय असेल तर उत्तम, उभ्या गाडीत १५ ते २५ चालतो. उतारावर पाय काढून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला, तर तेल जळतंय. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा) असेल तर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये बटण दाबून बघा, इंजिनचे फेरे लगेच उतरायला हवेत. मोटरवेवर जाणार असाल, तर ओव्हरड्राइव्हवालीच घ्या. गिअर चारच आहेत, त्याशिवाय इंजिन सतत ओरडत राहतं.

तारांची चाकं असतील, तर ती बाजू जॅकवर उचलून, हँडब्रेक लावून मागचं चाक पुढे-मागे हलवा. खट् असा आवाज येऊन चाक थोडं फिरलं, तर हबवरचे दाते झिजलेत. चाक आणि हब दोन्ही बदलावे लागतात, आणि चारही बाजूंना ते केलं की रक्कम मोठी होते. पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन नियमित ग्रीस मागतात. मागच्या मालकाने ग्रीस गन कधी उचलली होती की नाही, ते चाक वर-खाली धरून हलवलं की कळतं.

डिकीजवळून येणारी टिकटिक हा पेट्रोलच्या पंपाचा आवाज आहे. चावी फिरवली की पंप भराभर टिकटिकतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. थांबलाच नाही, तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकीत पेट्रोल नाही. अजिबात टिकटिकला नाही, तर आतले पॉइंट चिकटलेत. त्याला हातोडीच्या दांड्याने हलकेच टकटक केलं की बऱ्याचदा चालू होतो. एवढ्याने गाडी घरी येईल, पण पंपाचं काम काढून घ्या.

पाचवी पायरी: कागद

नोंदणीचा व्ही५सी कागद आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. गाडीच्या एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सुरक्षा तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, फक्त गाडीचा नंबर लागतो. त्यात "सिलला गंज", "पाट्याच्या जोडाजवळ गंज" असे शेरे असतात. एका वर्षी शेरा आणि पुढच्या वर्षी शेरा गायब, तर मधे काय काम केलं ते विकणाऱ्याला विचारा. गाडी मूळ कुठल्या रंगात आणि कधी बाहेर पडली याचा दाखला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतो. तो पुढे विकताना कामी येतो.

ब्रिटनमध्ये ४० वर्षं झालेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाचा दर्जा मिळतो. सगळ्या एमजीबी आता त्यात बसतात. रस्ताकर शून्य, मात्र दर वर्षी कराचं नूतनीकरण करावंच लागतं. लंडनच्या यूलेझचं, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं, शुल्कही लागत नाही. मोठे बदल केलेले नसतील, तर २०१८ पासून एमओटीचीही सक्ती नाही. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, तपासणी दर वर्षी करून घ्याच. पन्नास वर्षांच्या गाडीच्या खाली कुणी अनुभवी माणूस वर्षातून एकदा तरी टॉर्च घेऊन गेलाच पाहिजे. बाजूला तुमचं मूल बसणार आहे.

काम चालू असताना गाडी रस्त्यावर येणार नसेल, तर डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याकडे तसं जाहीर करा, नाहीतर दंड येतो.

सहावी पायरी: हिशोब

आकडे ढोबळ आहेत. तुमच्या भागातले दर विचारून तुमचा तक्ता बनवा, पण बेरजेची पद्धत हीच ठेवा.

समजा, क्रोम बंपरची रोडस्टर सुटी-तुटी, गंजलेली, ३,००० पाऊंडांना घेतली. सिल, फरशी, मडगार्ड आणि बाकी पत्राकाम मिळून २५० तास धरा. पूर्ण कामाला एवढे सहज लागतात. तासाला ६० पाऊंड धरले तर १५,००० होतात. त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे १८,०००. चांगला रंग ५,०००. इंजिन बांधायला ३,०००. ब्रेक, सस्पेन्शन, टायर २,०००. टप, सीट, गालिचे २,५००. क्रोम, वायरिंग, रबर आणि कुणी मोजत नाही असे शेकडो नट-बोल्ट, क्लिपा, वॉशर मिळून आणखी २,०००. बेरीज ३५,५०० पाऊंड. अशीच नीट केलेली गाडी बाजारात साधारण १५,००० ते २०,००० ला मिळते. म्हणजे काम हाती घेतलं त्याच दिवशी पंधरा हजारांच्या वर रक्कम गेली.

आता पत्र्याचं काम स्वतः केलं तर? १८,००० च्या जागी पत्र्याचे तुकडे, गॅस, वायर, घासायच्या चकत्या असे दोन-अडीच हजार. इंजिनही स्वतः बांधलं, तर मशिनशॉपची मजुरी आणि भाग मिळून निम्म्यात भागेल. बेरीज १८,००० ते १९,००० च्या आसपास येते, म्हणजे बाजारभावाइतकी. तुमच्या शेकडो तासांचा मोबदला शून्य धरून बरोबरी होते. ते तास तुम्हाला आनंदाचे वाटत असतील, तर व्यवहार चोख झाला. कमाईचे वाटत असतील, तर दुसरीकडे काम करा. कधी फायदा झालाच, तर ब्रिटनमध्ये खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

नवी बॉडीशेल घेऊन जुने भाग तिच्यावर चढवण्याचाही मार्ग आहे. तिची किंमत दहा हजार पाऊंडांच्या वर जाते, रंगाचा खर्च वेगळा. पण गाडी फारच कुजली असेल, तर शेकडो तास वेल्डिंग करण्यापेक्षा हे स्वस्त आणि पक्कं पडू शकतं. त्यासाठी डीव्हीएलएचे नियम आधी वाचा.

माझी शिफारस तिसऱ्या वाटेची आहे. सिल शाबूत असलेली, चालू, पण रंग मळलेली आणि सीट फाटलेली गाडी सात-आठ हजारांना शोधा. ती चालवत चालवत दर हिवाळ्यात एक काम काढा. गाडी कधीच पूर्ण खोलायची नाही. उन्हाळ्यात चालवायला मिळते म्हणून उत्साह टिकतो, खर्च वाटून जातो, आणि कधीही थांबलात तरी हातात चालती गाडी असते.

सातवी पायरी: कामाचा क्रम

पहिला मान ब्रेकला. पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल, तर सिलिंडर जाम झालेले असतात आणि रबरी नळ्या आतून सुजलेल्या असतात. बाहेरून ठणठणीत दिसल्या तरी बदला. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या झोताने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि योग्य मास्क लावा.

मग टायर. खाच कितीही खोल दिसली, तरी टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांच्या वरचे टायर बदलूनच टाका. मग पेट्रोलच्या नळ्या, स्टिअरिंग, किंगपिन, रेडिएटरचे पाइप. वायरिंगमध्ये बहुतेक दोष गंजलेल्या जोडांचे आणि खराब अर्थिंगचे असतात. विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या नावाने बोटं मोडण्याआधी प्रत्येक जोड काढून घासून परत लावा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

त्यानंतर पत्रा, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी सीट, गालिचे आणि क्रोम. चमकणारे नवे बंपर आधी आणले, तर ते दोन वर्षं खोक्यात पडून राहतात आणि सिलसाठी पैसे उरत नाहीत.

वेल्डिंग स्वतः करायचं असेल, तर आधी शिका. अनेक कॉलेजांत संध्याकाळचे वर्ग असतात. गाडीवर हात चालवण्याआधी टाकाऊ पत्र्याचे तुकडे जोडून, ते शिकंज्यात धरून वाकवून बघा. जोड तुटला तर अजून सराव हवा. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी पट्टी टाकून ती जागच्या जागी बांधा. गाडी समपातळीत, पक्क्या आधारावर असू द्या. एका वेळी एकच बाजू कापा. नवा सिल आधी क्लॅम्पने धरा, दार बसवून फट बघा, आणि मगच पक्का वेल्ड मारा. फट बिघडलेल्या अवस्थेत वेल्ड झाला, तर गाडी कायमची वाकडी होते आणि पुढे कितीही महागडा रंग दिला तरी ते दिसत राहतं. बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवून ठेवा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या वेल्डिंगच्या जवळ असतील, तर काढूनच टाका. जवळ अग्निशामक आणि सोबतीला एक माणूस हवाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, अ‍ॅक्सल स्टँड लावा. काम झालं की पोकळ्यांमध्ये मेण फवारा. कारखान्यात त्या काळी गंजरोधक काम जेमतेमच होत असे.

आठवी पायरी: पेट्रोल आणि तेल

सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ओलावा धरून टाकी आतून गंजते. महागडं सुपर भरा, त्यात प्रमाण निम्मं असतं, आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी इंजिनच्या हेडमध्ये (वरच्या भागात) कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, ते बिलांत बघा. नसतील तर लगेच हेड उघडायची गरज नाही. सौम्य वापरात वर्षानुवर्षं चालतं, हेड कधी उतरलं की करून घ्या. तेल २०डब्ल्यू-५०, जुन्या इंजिनांसाठीचं, जस्ताचं प्रमाण पुरेसं असलेलं. कार्ब्युरेटरच्या डोक्यावरची टोपी काढून आतल्या तेलाची पातळीही बघत जा. ते कमी झालं की गाडी वेग घेताना अडखळते आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात.

पुण्याला नेता येईल का?

हा प्रश्न येतोच. भारतात जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, आयात केलेलीसुद्धा, त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण तिचा रोजचा वापर करता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते. शिवाय गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. म्हणजे ब्रिटनमध्ये नवी बॉडीशेल चढवून गाडी उभी केलीत, तर भारतात अडचण येऊ शकते. १९८० ची शेवटची एमजीबी २०३० मध्ये या वयात बसेल. सीमाशुल्क आणि आयातीच्या अटी वेगळ्या, त्यासाठी गाडी जहाजावर चढवण्याआधी मुंबईतल्या जाणत्या कस्टम्स एजंटशी बोला. आणि भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यामुळे नळ्या, रबरी सील आणि कार्ब्युरेटर त्या तयारीनेच पाठवा.

जे महाराष्ट्रात आहेत आणि ज्यांना उघड्या टपाची गाडी उभी करण्याची हौस आहे, त्यांनी गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मकडेही बघावं. तिची बॉडी फायबरग्लासची आहे, म्हणजे पत्रा कुजण्याचा प्रश्नच नाही, आणि इंजिन रेनोचं १,१४९ सीसीचं. पण एमजीबीच्या उलट, तिचे खास भाग दुकानात मिळत नाहीत. त्यामुळे तिथे तपासणीचा भर वेगळा हवा: काचा, दिवे, टपाचे सांधे, डॅशबोर्ड हे सगळं गाडीसोबत आहे का ते आधी मोजून घ्या.

काम संपल्यावर

हेड उघडलं असेल, तर पहिल्या काहीशे मैलांनंतर त्याचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीने पुन्हा आवळा आणि व्हॉल्व्हची फट तपासा. पहिल्या काही फेऱ्या घराच्या आसपासच मारा. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून सकाळी बघा, कुठला थेंब कुठून पडतो ते कळतं. अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कार क्लबचं सभासदत्व घ्या. स्थानिक शाखेत अशी माणसं भेटतात ज्यांनी हीच गाडी कित्येकदा खोलली आहे, आणि ती हातचं राखून सांगत नाहीत.

विमा मात्र जुन्या कागदावर चालू ठेवू नका. साधी पॉलिसी अपघातानंतर बाजारभाव ठरवताना वाद घालते. क्लासिक गाड्यांचा विमा घ्या आणि त्यात गाडीची ठरलेली किंमत आधीच लिहून घ्या. त्यासाठी चारही बाजूंचे, इंजिनचे आणि आतले फोटो लागतात. शिवाय सिल उघडे असतानाचे, वेल्डिंगचे, रंगाआधीचे फोटो आणि प्रत्येक बिल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. विमा कंपनीला ती एकदाच दाखवावी लागेल, पुढचा गिऱ्हाईक मात्र गाडीआधी तीच मागेल.